बालमानसोपचाराकडे विद्यार्थी वळवायचे, तर कधीपासून?

पाटीपेन्सिल
वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला मुलांच्या मानसोपचार ओपीडीत बसवावं आणि निदान वर्षभर एकाच वरिष्ठाने त्याला हाताशी धरावं, असं माझं ठाम मत आहे. १० ते १९ वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी कित्येक जण ही ओपीडी न बघताच डॉक्टर होतात.

माझ्याकडे दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी यायची. तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा उपचार घेत होता. घरी भडाभडा बोलायचा, घराबाहेर तोंडातून अक्षर नाही. सिलेक्टिव्ह म्युटिझम. तिला एवढंच सांगितलं होतं, त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही. तीन खेपा ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसून रंगांप्रमाणे ठोकळे लावत राहिली. चौथ्या खेपेला तिच्याकडून हिरव्यांत एक निळा गेला, आणि तो पुटपुटला, "हा इथला नाही." बाहेर आल्यावर ती कितीतरी वेळ गप्प होती. हे वर्गात बसून शिकता येत नाही.

उंबरठा
अनुभव मनाला भिडला, निष्कर्ष पटला नाही. विद्यार्थ्यांना ओढ नाही म्हणून या शाखेत डॉक्टर कमी, असं तुम्ही धरून चाललात. वर्षांचा हिशेब बघा ना. अमेरिकेत पदवीनंतर मानसोपचाराची चार वर्षं, त्यावर बालमानसोपचाराची दोन. मधलं एक वाचवलं तरी पाच होतातच. पुढे एका मुलासाठी आईवडील, शिक्षक, सगळ्यांशी बोलायचं. त्या वेळेचा मोबदला कोण देतं? आणि कोवळ्या वयात एकाच शाखेकडे ओढणं म्हणजे मार्गदर्शन नव्हे, भरती. आधी सगळ्या शाखा बघू द्या.

कैरी
उंबरठा यांच्याशी सहमत. शिवाय त्या मुलांचं काय? पंधरा वर्षांची मुलगी हातावरचे व्रण दाखवत असताना कोपऱ्यात कुणी वही घेऊन बसलेलं दिसलं, की ती बाही खाली ओढून घेणार.

तिसरं_वर्ष
मी विद्यार्थीच आहे. मला ओढ होती, सांगायला माणूस नव्हतं. एका वरिष्ठांजवळ विषय काढला, तर म्हणाले, "हुशार आहेस, मेडिसिन घे. पोरांची समजूत काय, कुणीही काढतं." त्यानंतर वर्षभर मी हे कुणाजवळ बोललो नाही. उंबरठा, भरती रोजच चालते हो, फक्त दुसऱ्या शाखांची.

पाटीपेन्सिल
कैरी, तुमचं म्हणणं अगदी खरं. म्हणून विद्यार्थी खोलीत नसतानाच मी मुलाला आणि पालकांना विचारते. मूल नको म्हणालं, की विषय संपला. वही कधीच नाही, आणि दर खेपेला तोच विद्यार्थी. रोज नवा चेहरा आला तर मूल मिटतं.

उंबरठा, बालरोग, मानसोपचार आणि बालमानसोपचार हे तिन्ही पाच वर्षांत शिकवणारा ट्रिपल बोर्ड अभ्यासक्रमही अमेरिकेतच आहे. असे रस्ते असतात हे विद्यार्थ्याला वेळेवर सांगणारं कुणी हवं की नको? आणि आलेला प्रत्येक जण याच शाखेत राहावा, असा माझा हट्ट नाही. ती ठोकळेवाली मुलगी पुढे बालरोगतज्ज्ञ झाली. मूल माझ्याकडे पाठवताना ती जी चिठ्ठी देते, तीत "मूल हट्टी आहे" असं कधी नसतं. ते कुठे बोलतं, कुठे थांबतं, कुणाला बिलगून बसतं, हे लिहिलेलं असतं.

उंबरठा
म्हणजे वर्षभर हाताशी धरूनही ती दुसरीकडेच गेली. का गेली, विचारलंत तिला?

पाटीपेन्सिल
विचारलं. शिक्षणाची आणखी वर्षं तिच्या घराला परवडणारी नव्हती. तुमचा मुद्दा तिथे मला मान्य आहे. तेव्हापासून नवा विद्यार्थी आला की वर्षं आणि पैसे यांचं बोलणं मी पहिल्याच आठवड्यात काढते. ओपीडीतली त्याची खुर्ची मात्र हलवत नाही.