शब्दचर्चा: गुडघ्याच्या ऑपरेशनमधला ‘बॅलन्स’. तोल, दाब, ताण की भार?

मंडळी, एक शब्द अडलाय आणि तो नुसता कोशात बघून सुटणारा नाही.

गेल्या आठवड्यात आत्याला इथे सोलापुरातच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही गुडघे झिजलेत, पाय फेंगडे झालेत. डॉक्टर म्हणाले, “आज्जी, गुडघा बदलताना लिगामेंट बॅलन्स करावे लागतात. त्यासाठी आता सेन्सरसुद्धा वापरतात.” आत्याने माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईत सांगितलं, “गुडघ्याचा तोल साधणार आहेत.” ती लगेच म्हणाली, “माझा कुठं तोल जातोय? मला चक्कर-बिक्कर कायच नाही.”

तिचं बरोबर होतं. मराठीत तोल माणसाचा जातो, सांध्याचा नाही. ‘संतुलन’ म्हटलं असतं तर ती गप्प बसली असती, पण कळलं काहीच नसतं.

या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक तासून तिथे धातूचे भाग बसवतात, मधे प्लास्टिकची चकती. गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, मात्र रुग्णाचे स्वतःचेच राहतात. फेंगड्या पायात आतला आखडलेला असतो, बाहेरचा सैलावलेला. पाय सरळ असताना आणि दुमडल्यावरही दोन्हींची ओढ सारखी हवी. नाहीतर नवा गुडघा डगमगतो, नाहीतर पुरता वाकत नाही. ही ओढ सर्जन पाय आत-बाहेर लववून हातानेच अजमावत आले. सेन्सरच्या पद्धतीत पक्की चकती घालण्याआधी तिच्याच आकाराची, आत सेन्सर असलेली तात्पुरती चकती ठेवतात आणि पडद्यावर दोन आकडे दिसतात: आतल्या बाजूचा आणि बाहेरच्या बाजूचा.

आता शब्द. लिगामेंटला शाळेच्या विज्ञानात ‘अस्थिबंध’ होतं. बोलण्यात आपण सरसकट ‘शीर’ म्हणतो. रक्तवाहिनीही शीर, मज्जातंतूही शीर, पोटरीत गोळा आला तरी शीरच आखडते. “शीर सैल करणार” असं आत्याला सांगितलं तर ती ऑपरेशनलाच नको म्हणेल. मी नुसतं ‘बंध’ घ्यावं म्हणते.

खरा पेच फोर्सचा, म्हणजे सेन्सर जे मोजतो त्याचा. ‘दाब’ म्हटलं की आधी बीपी आठवतो, आणि शास्त्राने बघितलं तरी दाब म्हणजे क्षेत्रफळावर वाटलं गेलेलं बल; पडद्यावरचा आकडा तर पौंडात असतो. ‘ताणमापक’ छान वाटतो, पण तो चूक आहे. ती चकती बंधाला शिवतच नाही. बंध आखडलेला असला की दोन हाडं एकमेकांकडे ओढली जातात, मधल्या चकतीवर भार येतो, आणि त्या भारावरून ताण ओळखायचा. मोजला जातो भार, कळतो ताण. म्हणून माझं मत ‘भार’.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

ताई, ‘भार’ला माझं अनुमोदन. थिएटरमध्ये सगळे ‘लोड’च म्हणतात. गुडघा साधारण १०, ४५ आणि ९० अंशांत ठेवून आकडे बघतात, आणि दोन्ही बाजूंत १५ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७ किलोपर्यंत, फरक असला तर जमलं असं धरायची पद्धत आहे.

‘संतुलन’ मला नको वाटतं, कारण त्यात वचन दिल्यासारखं होतं. २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या काही रुग्णालयांनी मिळून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सेन्सरने बंधांची ओढ हाताच्या अंदाजापेक्षा सारखी झाली, पण रुग्णांचं दुखणं आणि चालणं-फिरणं बघितलं तर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. तेव्हा शब्द मोजमापापुरताच असू द्या.

जाता जाता, आमच्याकडचे पेशंट ‘वाटी बदलली’ म्हणतात. वाटी बऱ्याच जणांची मूळचीच असते, बदलतो तो तिच्यामागचा सांधा. पण हा शब्द आता कोणी मागे घेईल असं वाटत नाही.

प्रतिसाद (सोलापूरच्या पूर्व भागातून)

मी तीस वर्षं यंत्रमागावर काढली, चादरी-टॉवेल. आमच्यात उभ्या सुताला ताणाच म्हणतात. ताणा एका कडेला ढिला राहिला की कापडाला तिथं झोळ येतो. तो बघायला आम्ही सुतावरून तळहात फिरवायचो, मीटर नव्हता. त्याला बॅलन्स, संतुलन असं काही म्हटलं नाही कधी. ‘ताण सारखा बसला’ म्हणायचं, झालं. तुमच्या आत्याबाईंना ‘सारखा’ कळेल बघा.

मूळ लेखिका

काका, मी नाम शोधत बसले होते आणि तुम्ही विशेषणात सोडवलंत! मग मी काल आत्याला फोनवर सांगितलं, “गुडघ्याच्या दोन्ही अंगांचे बंध सारखे ताणून बसवणार, आणि किती ताणलेत ते मधली चकती भारावरून सांगणार.” ती म्हणाली, “म्हणजे बाजेची नवार ताणतात तसं म्हण की. मग ढिली पडली तर परत ताणता येतंय का?”

फिजिओथेरपिस्ट ताई, याला काय उत्तर देऊ?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

नवार छानच, पण ‘ताणून’ काढा. ढिला बंध कोणी ओढून ताणत नाही. जो आखडलाय त्याला सुईने जागोजागी टोचून किंवा हाडापासून थोडा सुटा करून सैल करतात, कधी हाडाचा काप किंचित बदलतात, आणि मग दोन्ही बाजू भरून येतील इतक्या जाडीची चकती घालतात.

मूळ लेखिका

म्हणजे क्रियापदच उलटं होतं माझं. आता असं लिहून घेते: ‘आखडलेला बंध सैल करून दोन्ही अंगांची ओढ सारखी करणे’. सेन्सरला ‘भार सांगणारी चकती’. आत्याला आज संध्याकाळी परत फोन करते. नवारीच्या जागी काय सांगायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही. काका, मागावर एक कड फार आवळली गेली तर तुम्ही काय करायचात?