पिशवीत तांदूळ नको, तेल-डाळ घाला

नाताळात नाशिकच्या शरणपूर भागातल्या चर्चने गरीब घरांना गहू-तांदळाच्या पिशव्या वाटाव्यात, अशी एक सूचना आली आहे. हेतू चांगला, माल चुकतोय. प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य दरमहा फुकट मिळतं, अंत्योदय कार्डाला (सर्वांत गरीब घरांसाठीचं) कुटुंबामागे ३५ किलो. त्यात भर घातली की धान्याला किडे पडतात, नाहीतर ते दुकानात विकलं जातं. चौघांच्या घराला २ किलो तूरडाळ, २ लिटर तेल, १ किलो शेंगदाणे आणि साबण द्या. (जुने कपडे मात्र नकोच, निवडण्यातच माणसं अडकतात.)

खरी अडचण आहे द्राक्षहंगामात पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीत येणाऱ्या मजुरांची. गावचं कार्ड इथल्या रेशन दुकानातही चालतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. कार्डाचा नंबर सोबत हवा. कामाने बोटं झिजलेली असली की दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. तेव्हा दुसरं बोट किंवा घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा घ्यायला सांगावं. यासाठी एक स्वयंसेवक सोबत गेला तरी पुरे.

मजुरी बुडाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. महिला आणि आदिवासींना उत्पन्नाची अट नाही.

देणगीदारांनाही आधीच सांगा: २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली सवलत (८०-जी) नाही, वस्तूंना तर मुळीच नाही.