मदत हवी आहे: नालदेहऱ्याची गोल्फ सहल आणि पहाडी जेवण, नोंदणीच होत नाहीये

रानजाई
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

शिमल्याजवळ नालदेहऱ्याला गोल्फची सहल काढली आहे. चार रात्री, दोन दिवस खेळ, रोज रात्री जेवायला हिमाचली धाम. मुक्काम मशोबऱ्याच्या पुढे एका गावातल्या घरी, स्वयंपाकही तिथल्याच काकू करणार. मी सहा वर्षं सहली काढतेय. ट्रेक असो की देवदर्शन, आजवर बस रिकामी गेली नाही. या खेपेला मात्र १४० जणांना व्हॉट्सॲपवर पत्रक पाठवलं आणि फोन आले तीन. त्यातल्या दोघांनी 'बघतो' म्हणून ठेवून दिला. १६ जागा आहेत, एकही भरलेली नाही. त्या काकूंना आगाऊ रक्कम दिली आहे. त्यांनी त्यातून दोन न्हाणीघरं दुरुस्त करून घेतली, त्यामुळे आता रद्द म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रश्न एकच आहे. जाहिरात कुठे करू? वर्तमानपत्र, फेसबुक की आणखी कुठे? अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर सांगा.

हिरवळ_७२
तारीख लिहिली नाहीत. टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळा, हातात आहेत का? किती जणांचे? ग्रीन फी (मैदानाचं शुल्क) आणि कॅडी (बॅग उचलणारा) पॅकेजात धरलेत की वेगळे? हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) असलेलेच हवेत की नवशिकेही चालतील? यातलं पत्रकात नसेल तर गोल्फ खेळणारा माणूस दुसरी ओळ वाचत नाही. तीस वर्षं खेळतोय, कुठेही जायचं म्हटलं की आमच्या चौकडीत पहिला प्रश्न 'किती वाजता टी-ऑफ' हाच असतो.

क्षणचित्रे
वर्तमानपत्रावर पैसे घालू नका. तीस सेकंदांचा व्हिडिओ करा. देवदारांमधून उडणारा चेंडू, मग वाफाळतं ताट, मग काकूंचं हसू. पुणे, नाशिक, मुंबई निवडून, वय ४० च्या वर ठेवून तो पैसे देऊन पुढे ढकला. मी एका कृषी पर्यटन केंद्रासाठी हेच केलं, तीन शनिवार-रविवार भरले.

हिरवळ_७२
@क्षणचित्रे, कृषी पर्यटनाला कुणीही जातं. गोल्फ खेळणारे मोजके आणि ते सगळे ठरावीक ठिकाणी भेटतात. क्लबच्या सूचनाफलकावर एक कागद आणि क्लबच्या कॅप्टनशी एक भेट, याने जे होईल ते लाखभर लोकांनी व्हिडिओ बघून होणार नाही.

क्षणचित्रे
काका, फलक वाचतो कोण? सगळे मान खाली घालून मोबाइलच बघत असतात.

हिरवळ_७२
आमच्याकडे वाचतात. स्पर्धेचा ड्रॉ, कोण कुणाबरोबर खेळणार ती यादी, तिथेच लागतो.

आडवाट
नालदेहराच का? उटी करा. जिमखान्याचं १८ होल्सचं मैदान आहे, मुंबईहून कोइमतूरपर्यंत विमान, पुढे घाट. नाहीतर कोडाईकनाल, तिथला क्लब १८९५ चा आहे. मी दोन्हीकडे राहून आलोय. दक्षिणेत आपल्या माणसाला जेवणही परकं वाटत नाही.

रानजाई
@आडवाट, घर ठरलंय, पैसे दिलेत. आता उटी कशी करू? जाहिरातीचं सांगा ना कुणीतरी.
@हिरवळ काका, तारीख १७ ते २१ सप्टेंबर. टी टाइम तिथे गेल्यावर घेता येतील असं समजून चालले होते.

हिरवळ_७२
ताई, मग अडचण जाहिरातीची नाहीच. १६ माणसं म्हणजे चार चौकड्या. आठ-दहा मिनिटांच्या अंतराने सोडल्या तरी सलग अर्ध्या तासाचे वेळ हवेत, तेही दोन दिवस. ते आधी लेखी घ्या. सप्टेंबरचा तिसरा आठवडा म्हणजे तिकडे पावसाळा पुरता सरलेला नसतो, हिमाचलातून तो साधारण महिनाअखेरीस माघार घेतो. ओल्या उतारावर खेळणं धोक्याचं. नालदेहरा सपाट नाही हे पत्रकात लिहिलंय का? १८ होल्स, पार (अपेक्षित फटके) ६८. आकडा लहान म्हणून फसू नका, चढउतार दमवतात. गुडघे धरलेल्या माणसाला हे आधी कळायला हवं.

घाटवळण
पावसाबरोबर सफरचंदाचा हंगामही धरा. नारकंडा-ठियोगकडून शिमल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर त्या दिवसांत ट्रकची रांग असते. मी दोनदा अडकलोय. चंदीगडहून शिमला साधारण ११५ किलोमीटर, पण चार तास धराच, वर नालदेहरा आणखी २२-२३ किलोमीटर. पहिल्या दिवशी दुपारी खेळ ठेवला असेल तर काढून टाका. गोल्फ बॅगचं विमानात वेगळं शुल्क लागतं का तेही आधी विचारून पत्रकात लिहा. आमच्या गटात विमानतळावर यावरूनच वाद झाला होता.

सांजवात
१७ ते २१ मध्ये पितृपंधरवडा येतोय. कॅलेंडर उघडून बघा. गोल्फ खेळणारे तुमचे लोक साठीच्या आसपासचे असणार. घरातला कर्ता मुलगा तिथीला घरी हवा असतो, सर्वपित्रीला तर हवाच. फोनवर 'बघतो' म्हणाले ते यामुळेच असतील. अशी गोष्ट लोक तोंडावर बोलत नाहीत.

क्षणचित्रे
हल्ली कोण पाळतं? आम्ही पितृपक्षात मुद्दाम फिरतो, गर्दी कमी आणि हॉटेलं स्वस्त.

सांजवात
तुम्ही पाळत नसाल. माझ्या दोन्ही दिरांनी आईच्या तिथीसाठी परदेशातून सुट्टी काढली आहे. सहल काढणाऱ्याने दोन्ही प्रकारची माणसं लक्षात घ्यावीत एवढंच म्हणणं आहे.

पाटावरवंटा
मला गोल्फमधलं काही कळत नाही, जेवणाचं कळतं. ताई, 'रोज रात्री धाम' ही ओळ आजच्या आज काढा.

धाम म्हणजे आपलं गावजेवण. लग्नकार्याला, देवाच्या नावाने घातलेली पंगत. बोटी म्हणून ओळखले जाणारे ब्राह्मण आचारी पिढ्यान्‌पिढ्या हे रांधतात. जमिनीत लांब चर खणायचा, त्यात लाकडं पेटवायची, वर पितळी हंडे. खाली बसून पत्रावळीवर भात घ्यायचा आणि त्यावर ठरलेल्या क्रमाने एकेक पदार्थ येतो. दह्यात शिजवलेला मदरा, डाळी, आंबटगोड खट्टा, शेवटी मिठ्ठा. पारंपरिक धामात कांदा-लसूण नसतो. आणि ही पंगत दुपारची. काकूंनी चार रात्री एकटीने धाम करायचा म्हणजे आपल्याकडे कुणी एका बाईला रोज रात्री लग्नाची पंगत उठवायला सांगण्यासारखं आहे. ज्याला माहीत आहे त्याचा त्या ओळीवरून पत्रकावरचा विश्वास उडतो.

शिवाय धामाची खरी मिजास कांगडा, चंबा, मंडी या बाजूला. मंडीत सेपू वडी, चंब्यात राजम्याचा मदरा. शिमल्याच्या वरच्या भागात घरचं जेवण म्हणजे सिड्डू. कणीक खमीर घालून फुगेपर्यंत ठेवायची, आत अक्रोड-खसखस किंवा वाटलेल्या उडदाचं सारण भरायचं आणि मोदक उकडतो तसं वाफवायचं. मग गरम असतानाच मोडून त्यावर तूप. थंडीत दिवसभर डोंगर चढउतार करून आलेल्या माणसापुढे हे ठेवा आणि गंमत बघा. मी ते रोहडूजवळ एका घरात खाल्लं. घरच्या आजींनी फुगलेल्या पिठावर बोट दाबून 'अजून झालं नाही' म्हणत आम्हाला तासभर चुलीपाशी बसवून ठेवलं होतं. त्या तासासाठी मी पुन्हा जाईन.

रानजाई
काकूंनी 'धाम' म्हटलंच नव्हतं हो. 'जो घर में बनता है वो खिलाएंगे' म्हणाल्या होत्या. धाम हा शब्द मी घातला, ऐकायला भारदस्त वाटला म्हणून. आज त्यांना फोन करून विचारते.

आडवाट
उंचीचा मुद्दा कुणी काढलाच नाही. नालदेहरा दोन हजार मीटरच्या वर आहे. हवा विरळ, चेंडू हजार फुटांमागे दोन टक्के लांब जातो. म्हणजे १४ टक्के! नेहमीचा अंदाज घेऊन खेळलात तर प्रत्येक चेंडू दरीत.

हिरवळ_७२
दोन टक्के जास्त होतात. सव्वा टक्क्याच्या आत धरा. ७,००० फुटांवर साधारण आठ टक्के. म्हणजे १५० यार्डांच्या फटक्याला १२ यार्ड, एक क्लब कमी घ्यायचा, म्हणजे एका पायरीने कमी अंतराची काठी. हळू फटका मारणाऱ्याला तेवढाही फरक पडत नाही. चढ-उताराचा हिशेब त्याहून मोठा असतो.

आडवाट
मी गुलमर्गला खेळलोय काका, २,६५० मीटरवर. तिथे दीड क्लबचा फरक पडत होता.

हिरवळ_७२
तेवढ्या उंचीला दीड बरोबरच आहे. माझ्या हिशेबानेही तेच येतं.

चिंचोका
शिमल्याची छोटी गाडी पाहुण्यांना दाखवणार का? कालका ते शिमला ९६ किलोमीटर, १९०३ मध्ये सुरू झाली, २००८ पासून जागतिक वारशात आहे. आम्हाला डिसेंबरात जायचंय. दोन लहान मुलं आहेत. डावीकडे बसावं की उजवीकडे?

घाटवळण
@चिंचोका, वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो. इथे ताईंचं राहून जाईल.

मावळतीचं_ऊन
मी खेळत नाही, माझे यजमान खेळतात. धागा पहिल्यापासून वाचला आणि राहवलं नाही. तुमचं पत्रक आमच्या ओळखीत फिरलंय बहुतेक, वर्णन तेच वाटतंय. त्यात माझ्यासाठी एक ओळ नव्हती.

यजमान म्हणाले, जाऊया का? मी विचारलं, तुम्ही सकाळी सातला निघणार, दुपारी दीडला येणार, दोन दिवस. तोवर परक्या गावात मी काय करू? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि विषय तिथेच संपला. त्यांच्या चौकडीतल्या इतर तिघांकडेही असंच झालं असणार. आम्ही चौघी एकमेकींना ओळखतो, त्यामुळे अंदाजाने बोलत नाही.

सिड्डू शिकवणार असाल तर मी त्या चुलीपाशी आनंदाने बसेन.

पाटावरवंटा
+१. हेच म्हणायचं होतं, मला मांडता आलं नाही.

हिरवळ_७२
हे मला तीस वर्षांत सुचलं नाही. घरी आत्ताच विचारलं. उत्तर मावळतीचं_ऊन यांच्यासारखंच आलं.

घाटवळण
खेळ न खेळणाऱ्यांसाठी तिथे करण्यासारखं आहे. नालदेहऱ्याहून त्याच रस्त्याने पुढे सतलजच्या काठी तत्तापानी, गंधकाच्या गरम पाण्याचे झरे. मूळ झरे धरणाच्या पाण्याखाली गेले, आता कुंडांत पाणी घेतलंय. शिमल्यात व्हाइसरॉयचा जुना वाडा, १८८८ चा, आता उच्च अध्ययन संस्था आहे. मैदानावरही न खेळणाऱ्याला बघायला महुनागाचं जुनं देऊळ आहे.

सांजवात
लॉर्ड कर्झनला ती जागा इतकी आवडली की १९०४ मध्ये जन्मलेल्या मुलीच्या नावात त्याने नालदेरा घातलं, अलेक्झांड्रा नालदेरा. पत्रकात घालायला बरं पडेल.

रानजाई
दोन दिवसांनी येतेय, फोनवरच होते.

टी टाइमची विचारणा लेखी पाठवली. तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर नेतेय, पाऊस आणि पितृपंधरवडा दोन्ही टळतात. काकू म्हणाल्या, 'पहिल्यांदाच हे सांगायला हवं होतं, सप्टेंबरात सफरचंदं उतरवायची असतात, मला उसंत नसते.' त्यांना कामाच्या दिवसांत मी १६ माणसांचा स्वयंपाक सांगून बसले होते आणि त्या आगाऊ घेतलेल्या पैशांमुळे गप्प राहिल्या. ते ऐकून फार वाईट वाटलं.

१६ चे १२ केले. दोन चौकड्या आणि चौघे न खेळणारे, जास्त आले तरी चालतील. नवीन मजकूर असा केलाय:

"सकाळी नालदेहऱ्याला १८ होल्स, टी टाइम आधी ठरलेले, ग्रीन फी आणि कॅडी धरून. मैदान चढउताराचं आहे. खेळत नसाल तर सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात सिड्डू शिका किंवा तत्तापानीला जा. रात्री सगळे एकत्र, त्या घरात जे शिजतं ते जेवायला."

धाम काढला. कर्झन नाही घातला, जागा उरली नाही. क्लबच्या फलकासाठी कागद छापतेय, आणि @क्षणचित्रे, काकूंचा पीठ मळतानाचा व्हिडिओ त्यांच्या मुलाने पाठवलाय, तो कसा कापायचा सांगाल का?

क्षणचित्रे
पाठवा. आज रात्री करून देतो. पैसे नकोत.

हिरवळ_७२
हँडिकॅप नसलेले आले तर 'डबल पिओरिया' पद्धतीने लावा. १२ होल्स गुपचूप निवडायचे आणि खेळ झाल्यावर त्यांवरून हँडिकॅप काढायचा. नवख्यालाही बक्षिसाची संधी राहते. गुणपत्रक मी बनवून देईन.

मावळतीचं_ऊन
एक विचारते. रात्रीचं जेवण खाली बसून आहे का? मी बसू शकते. पण आमच्यातल्या एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि ती आधी तेच विचारणार.

रानजाई
टेबल आहे, सहा माणसांचं. आणखी एक मागवते.