स्लोव्हेनियन क्रियापदांच्या जोड्या : 'लिहून टाकणे'चा आधार घ्यावा का?

मूळ लेखक

स्लोव्हेनियन भाषेत बहुतेक क्रियांसाठी क्रियापदांची जोडी असते. चालू असलेल्या किंवा नुसत्या घडत राहिलेल्या क्रियेचे क्रियापद 'नेदोवर्श्नी', तर शेवटास गेलेल्या क्रियेचे 'दोवर्श्नी'. पत्र लिहीत असणे म्हणजे 'पिसाती', ते लिहून पुरे करणे म्हणजे 'नापिसाती'. मराठी माणसे हा भेद इंग्रजीतल्या काळांच्या कोष्टकावरून समजून घेऊ पाहतात आणि विनाकारण गोंधळतात, असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्या संयुक्त क्रियापदांत तो भेद आधीच मुरलेला आहे. 'पत्र लिहायला लागलो' असे आपण म्हणतो, पण एकाच पत्राबद्दल 'लिहून टाकायला लागलो' असे कोणी म्हणणार नाही. स्लोव्हेनियनमध्येही 'झाचेती', म्हणजे सुरू करणे, याच्यापुढे 'पिसाती'च येते, 'नापिसाती' येत नाही. जी क्रिया शेवटासकट एकसंध पाहायची, तिची सुरुवात वेगळी काढता येत नाही, हे आपल्या कानाला कोणी न शिकवता कळते.

ल्युब्ल्यानावासी

आपले 'झाचेती'चे उदाहरण अचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मराठीत 'टाकणे', 'बसणे', 'देणे' ही सहायक क्रियापदे क्रियेच्या पूर्णतेबरोबर बोलणाऱ्याचा भावही सांगतात: 'लिहून टाकले' यात सुटकेचा भाव आहे, 'लिहून बसला' यात नापसंती आहे आणि 'लिहून दिले' यात दुसऱ्यासाठी केल्याची जाणीव आहे. 'नापिसाती'त यांतले काहीही नाही.

शिवाय मराठीत संयुक्त क्रियापद वापरणे ऐच्छिक आहे, तर स्लोव्हेनियनमध्ये जोडीतले एक क्रियापद निवडल्याशिवाय वाक्यच बनत नाही. 'काल ते पुस्तक वाचले, पण पुरे झाले नाही' हे मराठीत सहज चालते. स्लोव्हेनियनमध्ये 'ब्राउ सम क्न्यीगो' (नेदोवर्श्नी, पुस्तक वाचत होतो) म्हटले तर पुढे 'पण पुरे झाले नाही' असे जोडता येते. 'प्रेब्राउ सम क्न्यीगो' (दोवर्श्नी, पुस्तक वाचून पुरे केले) म्हटल्यावर तसे जोडले तर आपण स्वतःलाच खोडून काढतो. आपले 'वाचले' या दोहोंपैकी कोणाच्या जागी बसवायचे, याचे उत्तर मराठी देत नाही.

सर्वांत मोठी अडचण वर्तमानकाळात येते. 'व्साक दान नापीशेम एनो पिस्मो', म्हणजे 'मी दररोज एक पत्र लिहितो', या वाक्यात दोवर्श्नी क्रियापद आहे, कारण दररोजचे ते एक पत्र पुरे होते. इथे 'दररोज एक पत्र लिहून टाकतो' असे आपण सहजासहजी म्हणणार नाही. रशियन शिकून आलेल्यांचीही इथेच फसगत होते, कारण तिकडे अशा रूपाचा अर्थ 'लिहीन' असा होतो. स्लोव्हेनियनमध्ये भविष्यकाळ 'बोम' लावून होतो आणि तो दोन्ही क्रियापदांना लागतो: 'बोम पिसाउ', 'बोम नापिसाउ'.

शब्दकोशप्रेमी

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते, कारण नवशिक्याची खरी दमछाक उपसर्गांपाशी होते. 'ना' लागून क्रिया पूर्ण झाली, हे पाहून तो समजतो की उपसर्ग म्हणजे पूर्णतेची खूण. मग 'पोतपिसाती' (सही करणे), 'प्रेपिसाती' (नक्कल करणे) आणि 'ओपिसाती' (वर्णन करणे) समोर येतात. ही सगळी दोवर्श्नी आहेत खरी, पण प्रत्येकाचा अर्थ स्वतंत्र असल्यामुळे प्रत्येकाला आपापला नेदोवर्श्नी जोडीदार लागतो: 'पोतपिसोवाती', 'प्रेपिसोवाती', 'ओपिसोवाती'. 'करणे' यासाठी तर 'देलाती' आणि 'नारेदीती' असे रूपाने परस्परांशी काही संबंध न दाखवणारे दोन शब्द आहेत. स्लोव्हेनियन प्रमाणभाषेच्या बृहद्कोशात प्रत्येक क्रियापदापुढे 'दोव.' किंवा 'नेदोव.' अशी खूण दिलेली असते. नवे क्रियापद वहीत उतरवताना ती खूण आणि जोडीदार सोबत लिहावा. उपमांवर वेळ घालवू नये.

मूळ लेखक

वर्तमानकाळाबाबतचा आक्षेप मी स्वीकारतो. तिथे मराठीचा आधार तुटतो. मात्र जोड्या पाठ केल्याने निवड कशी करायची ते कळत नाही. खिडकी उघडायला सांगताना 'ओत्प्री ओक्नो', पण 'उघडू नकोस' असे सांगताना बहुधा 'ने ओत्पिराय ओक्ना'. नकारासरशी दोवर्श्नी क्रियापद जाऊन नेदोवर्श्नी आले आणि 'ओक्नो'ची विभक्तीही बदलली. कोशातली खूण याबद्दल काहीच सांगत नाही. मराठीत मात्र 'त्याने पत्र लिहून टाकले' याचा नकार करताना आपण आपोआप 'लिहिले नाही' असे म्हणतो, 'टाकणे' गळून पडते. दोन्हीकडचे नियम एक नाहीत, हे मला मान्य आहे. तरी नकार आला की क्रियेकडे पाहण्याची रीत बदलू शकते, ही जाण मराठी भाषकाकडे आधीपासून असते आणि ती वाया घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

ल्युब्ल्यानावासी

नकाराचे उदाहरण चांगले आहे, पण तेही सरसकट लागू पडत नाही. 'विसरू नकोस' याला इथे सगळे 'ने पोझाबी' म्हणतात आणि ते क्रियापद दोवर्श्नी आहे. वचन देताना दोवर्श्नी 'ओब्ल्यूबिम' म्हणावे की नेदोवर्श्नी 'ओब्ल्यूब्ल्याम', यावर तर स्तानिस्लाव श्क्राबेत्स (1844–1918) यांच्यासारख्या व्याकरणकारांच्या काळात स्लोव्हेन अभ्यासकांमध्येच वाद झाला. ज्या ठिकाणी ती भाषा जन्मापासून बोलणारेही अडखळले, तिथे मराठी कानाच्या भरवशावर विद्यार्थ्याला सोडावे, हे मला अजूनही पटत नाही. त्याने पूर्ण वाक्ये ऐकावीत आणि तीच वाक्ये जशीच्या तशी बोलावीत.