बार्शीच्या पेठेतली जुनी इमारत: गाळ्यांत कोण कोण होतं ते कसं शोधू?

वाडेकरी: नमस्कार. बार्शीच्या पेठेत आमच्या आजोबांची दुमजली इमारत होती, वर घर आणि खाली तीन गाळे. 1972 च्या दुष्काळानंतर विकली, नंतर अजून दोनदा मालक बदलले म्हणतात. परवा भगवंताच्या दर्शनाला गेलो तेव्हा बघितलं तर एका गाळ्यात मोबाईलवाला, एकात साड्या, एकाचं शटर बंद, पण मोबाईलवाल्याच्या बोर्डामागं तुळईला काट्याची लोखंडी कडी अजून तशीच आहे. वडिलांना फोटो दाखवला तर बराच वेळ काही बोललेच नाहीत. आता इमारत पाडणार असं ऐकतोय, त्याआधी सगळं लिहून ठेवायचंय. सुरुवात कुठून करू?

पेठकर: तुळईला कडी म्हणजे आडतीचा, म्हणजे दलालीवर शेतमाल विकणाऱ्याचा गाळा असणार. पोती त्यावरच तोलायचे. 1897 ला कुर्डुवाडीवरून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी इथं आली आणि पेठेत कापूस, गळिताचा माल यायला लागला, 1911 ला तीच लाईन लातूरला गेली. पुढं आडत मार्केट यार्डात हलली तसे गाळे कापडवाल्यांनी घेतले, मग कॅसेटवाले, एसटीडीवाले, झेरॉक्सवाले. फोटो टाका ना, माझे काका सत्तरीचे आहेत, लगेच ओळखतील.

फेरफार: आधी सिटी सर्व्हे नंबर काढा आणि नगर भूमापन ऑफिसात प्रॉपर्टी कार्डाला अर्ज करा. त्यावर मालक आणि फेरफार, म्हणजे मालकीतले बदल, तारखेनिशी मिळतात, पण भाडेकरू मिळत नाहीत, लोक तिथंच अडकतात. त्यासाठी नगरपालिकेची जुनी घरपट्टीची आकारणी रजिस्टरं बघा, त्यात मालकाशेजारी भोगवटादाराचं, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं नाव असतं. घरात जुनं खरेदीखत सापडलं आणि मोडी लिपीत असलं तर टाकून देऊ नका, वाचून देणारे आहेत. आणि पाडायच्या आत आतून फोटो काढा, मालकाला नीट विचारलं तर नाही म्हणत नाहीत.

वाडेकरी: खूप आभार दोघांचे. सोमवारी अर्ज करतो. पेठकर, काकांना एक विचाराल का, बंद शटरच्या गाळ्यात शिंपी बसायचे, दिवाळीत रात्रभर मशीन चालायचं आणि वर आजीला झोप लागायची नाही म्हणून ती पहाटे त्यांना चहा खाली पाठवायची. वडिलांना चहाची किटली आठवते, शिंप्याचं नाव आठवत नाही.