मदत हवी आहे: सड्यावरचा गोल खळगा उल्केचा की जांभ्याचा?

नमस्कार मंडळी. राजापूरजवळ आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, साधारण २०० पावलं रुंद, परातीसारखा गोल खळगा आहे. पावसात गुडघाभर पाणी साचतं, कडेने सीतेची आसवं फुलतात. जांभ्याखालची माती वाहून गेली की वरचा थर खचतो आणि असे खळगे होतात, हे ठाऊक आहे. नुसत्या गोलाईवर माझी भिस्त नाही. लोणारच्या १.८ किलोमीटर रुंद विवरात बसाल्ट या काळ्या खडकातल्या फेल्डस्पार खनिजाची उल्केच्या आघाताने काच झालेली सापडली, तो खरा पुरावा. पण जांभ्यात फेल्डस्पार कुजून गेलेला असतो! मग बघायचं कुठे? शेजारच्या विहिरीत ४० फुटांवर काळा कातळ लागला, त्याचे तुकडे जपून ठेवलेत. त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली कोण बघून देईल? चिरेखाण सुरू व्हायच्या आत कळायला हवं.