दुबईत हातवाऱ्यावरून पोलीस तक्रार

प्रश्न (अमळनेर): दुबईत गाडी चालवणाऱ्या माझ्या भाच्याने रस्त्यावरील वादात मधले बोट दाखवले आणि समोरच्याने तक्रार केली. एवढ्याशा गोष्टीवरून शिक्षा होते का?

उत्तर (भुसावळ): होते, भाऊ. तेथे तो अब्रूचा गुन्हा असून दंड, कैद आणि परदेशी माणसास हद्दपारीही होऊ शकते. अरबी कागदावर मजकूर समजल्याशिवाय त्याने सही करू नये. अटक झालीच, तर वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार भारतीय वाणिज्य दूतावासास कळवण्याची मागणी त्याला करता येते. खटला थांबवणे मात्र दूतावासाच्या हाती नसते.

उत्तर (धुळे): ‘एवढ्याशा’ कशाला? आपल्याकडेही स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेल्या हावभावास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रारदाराशी वकिलामार्फतच बोलावे.